केसांच्या औषधांच्या जुन्या बाटल्या: काच काय सांगते आणि कंपनी काय सांगते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या सामानाच्या एका पेटीत तुम्हाला काचेच्या तीन बाटल्या मिळाल्या. एक फिकट हिरवट-निळी, तिच्यावर उठावाच्या अक्षरांत 'बॅरीज ट्रायकोफेरस'. दुसरी तपकिरी, 'मिसेस एस. ए. ॲलन्स वर्ल्ड्स हेअर रिस्टोअरर'. तिसरी निळी, 'हॉल्स व्हेजिटेबल सिसिलियन हेअर रिन्युअर'. तिचे अर्धे लेबल शाबूत आहे आणि तळाशी पिवळट साका बसला आहे. बॅरीच्या जुन्या जाहिरातीत तुम्ही 'स्थापना १८०१' असे वाचले, म्हणून ती बाटली दोनशे वर्षांची असेल का, असे विचारता. शिवाय किंमत किती, धुवायच्या का, आणि पुढे संग्रह करायचा तर सुरुवात कुठून करायची.

बाकी सगळे सांगण्याआधी एक गोष्ट. हॉल्सची बाटली धुऊ नका आणि तिचे बूच उघडून वास घेऊ नका. कारण पुढे सविस्तर सांगतो.

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण माझ्या मते अडचण एकच आहे. बाटलीचे वय आणि कंपनीचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवा संग्राहक बहुतेक वेळा दुसरीवरून पहिली ठरवतो. औषध विकणारी माणसे जाहिरातीत जुनेपणाचा दावा करत, कारण जुने म्हणजे विश्वासाचे असा गिऱ्हाइकाचा समज होता. बाटली मात्र दुसऱ्याच कोणीतरी, एखाद्या काचकारखान्यात, त्या त्या काळच्या पद्धतीने बनवलेली असते. ती पद्धत काचेवर खुणा ठेवून जाते. मी वय नेहमी आधी काचेवरून ठरवतो, मग कागदपत्रांवरून कंपनीचा इतिहास तपासतो, आणि दोन्ही जुळले तरच ते वहीत लिहितो.

काच वाचायला सुरुवात तळापासून करा. बाटली फुंकून झाल्यावर तिचे तोंड घडवताना ती धरायला एक लोखंडी दांडा तळाला चिकटवत. तो तोडला की तळावर खरखरीत गोल वण राहतो. त्याला पाँटिलचा वण म्हणतात. अमेरिकेत १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून बाटली चिमट्यासारख्या साधनात पकडण्याची पद्धत आली आणि १८६५ च्या आसपास साध्या औषधी बाटल्यांवरचा हा वण जवळजवळ नाहीसा झाला. बॅरीची बाटली दोन्ही प्रकारांत मिळते: जुन्या बाटल्यांच्या तळाला वण असतो, नंतरच्यांचा तळ गुळगुळीत असतो. तुमच्या बाटलीच्या तळावरून बोट फिरवा. काठावर धार लागत असेल तर ती अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळातली किंवा त्याआधीची असण्याची शक्यता चांगली आहे. तळ गुळगुळीत असेल तर ती त्यानंतरची. १८०१ ची मात्र ती दोन्ही बाबतींत नाही. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर बॅरी यांच्या ट्रायकोफेरसचा जोरदार प्रचार दिसू लागतो तो १८४० च्या दशकापासून.

मग साच्याची शिवण पाहा, म्हणजे दोन अर्धे साचे जिथे जुळतात तिथली उभी बारीक रेघ. ती गळ्यावरून वर जाता जाता ओठाच्या, म्हणजे तोंडाभोवतीच्या जाड कड्याच्या, खाली एकदम तुटत असेल आणि तिथे काचेचा थोडा ओघळ दिसत असेल, तर ओठ वेगळी काच लावून बनवला आहे. ही पद्धत साधारण १८८० च्या दशकापर्यंत चालली. रेघ हळूहळू पुसट होत गेली असेल आणि ओठाभोवती आडव्या, गोल फिरलेल्या बारीक रेषा असतील, तर त्याच काचेला हत्याराने वळण दिले आहे. हे १८७० च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही. आणि रेघ ओठावरून थेट तोंडाच्या काठापर्यंत चढत असेल तर बाटली यंत्रावर बनली. ओहायोतल्या टोलेडोच्या मायकेल ओवेन्स यांनी पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ मध्ये चालवून दाखवले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याने हाताने फुंकणाऱ्या कारागिरांची जागा घेतली. ओवेन्सच्या यंत्राची बाटली तळावरूनही ओळखता येते: मध्यापासून सरकलेले, कडा पिसासारख्या असलेले एक वर्तुळ तिथे असते.

या खुणांत वर्षानुवर्षांची सरमिसळ आहे, हे ध्यानात असू द्या. एखादा कारखाना जुनी पद्धत सोडायला वीस वर्षे लावतो, शेजारचा एका हंगामात सोडतो. म्हणून मी कधीही एकच वर्ष लिहीत नाही. 'साधारण १८७० ते १८८५' असा पट्टा लिहितो. तिन्ही खुणा एकाच पट्ट्याकडे बोट दाखवत असतील तर तो पट्टा पक्का धरतो.

रंगाबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात आणि सर्वांत जास्त फसतातही. फिकट हिरवट-निळा रंग मुद्दाम आणलेला नसतो. वाळूत लोह असते, ते न काढता काच वितळवली की हा रंग आपोआप येतो, आणि म्हणून तो सर्वांत स्वस्त. गडद निळ्यासाठी कोबाल्ट घालावे लागे, जांभळ्यासाठी मँगनीज. केसांच्या औषधांच्या बाटल्यांत असे गडद, महागडे रंग इतर औषधांपेक्षा कितीतरी जास्त दिसतात, याचे मला आजही आकर्षण आहे. खोकल्याचे औषध कपाटात राही. केसांची बाटली आरशासमोर, शृंगाराच्या मेजावर उभी असे. ती तिथे शोभून दिसावी म्हणून मालक रंगासाठी जास्त पैसे मोजत. मिसेस ॲलनच्या बाटल्या तपकिरी रंगात भरपूर मिळतात, पण त्याच साच्यातली गर्द जांभळी बाटली संग्राहक शोधत फिरतात. एअर या अमेरिकी औषध कंपनीच्या हेअर व्हिगरची मोरपंखी निळी, काचेच्या बुचाची बाटली तर अनेकांच्या संग्रहाची सुरुवात असते.

जांभळ्याबाबत एक सावधगिरी. पारदर्शक काचेतली लोहाची छटा घालवण्यासाठी १८८० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत मँगनीज वापरत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली तर फिकट जांभळी होते. हे नैसर्गिक आहे. पण आता विक्रेते साध्या पारदर्शक बाटल्या किरणोत्सर्गाखाली किंवा तीव्र अतिनील दिव्याखाली ठेवून त्यांना भडक जांभळे करतात आणि दुर्मीळ म्हणून विकतात. उन्हाने आलेली छटा सहसा हलकी असते. संपूर्ण बाटली एकसारखी गर्द जांभळी असेल आणि त्या कंपनीच्या बाटल्या मूळच पारदर्शक काचेत बनत होत्या असे माहीत असेल, तर मी ती हातात घेऊन परत ठेवतो. मिसेस ॲलनची जांभळी बाटली वेगळी. तिचा रंग भट्टीतच दिलेला आहे.

आता कंपन्यांकडे वळू. इथे 'निर्माता' म्हणजे कोण, हे आधी ठरवावे लागते. बाटलीवर ज्याचे नाव आहे तो औषधाचा मालक. काच बनवणारा निराळा. १९०० पूर्वीच्या केसांच्या बाटल्यांवर काचकारखान्याची खूण बहुधा नसतेच. असली तर तळावर बारीक अक्षरांत; न्यू जर्सीतल्या मिलव्हिल इथल्या व्हिटॉल टेटम कंपनीची 'डब्ल्यू. टी. अँड कंपनी' ही अशी एक सहज ओळखू येणारी खूण. नंतरच्या टॉनिकच्या बाटल्यांवर हिऱ्याच्या आकृतीत गोल आणि त्यात उभी रेघ दिसली, तर ती १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीची. मग बाटली त्याआधीची असूच शकत नाही.

मालकांचा इतिहास मात्र फार रंगतदार आहे. हॉल्स रिन्युअर न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ गावच्या रूबेन हॉल यांचे. त्यांना ही कृती एका इटालियन खलाशाकडून मिळाली, अशी कथा कंपनी सांगे. 'सिसिलियन' हे नाव त्या कथेशी जुळते. मी ती कथा इतिहास म्हणून नाही, जाहिरात म्हणून वहीत लिहून ठेवली आहे. पुढे हा धंदा मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या एअर घराण्याच्या ताब्यात गेला. जेम्स कुक एअर हे त्या काळच्या पेटंट औषधांच्या, म्हणजे जाहिरातीच्या जोरावर विकल्या जाणाऱ्या तयार औषधांच्या, धंद्यातले सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. १८७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका नव्या गावाला त्यांचे नाव दिले गेले आणि ते गाव आजही एअर म्हणून ओळखले जाते. त्यांचे भाऊ फ्रेडरिक पुढे लोकरीच्या गिरण्यांत उतरले; फ्रेडरिक यांची मुलगी बिएट्रिस म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल पॅटन यांची पत्नी. अशा औषधांच्या धंद्यातून उभा राहिलेला पैसा किती दूरवर पोचला, हे यातून दिसते.

बॅरीचे ट्रायकोफेरस आजही विकले जाते. न्यूयॉर्कच्या बार्कले कंपनीकडून ते लॅनमन अँड केम्प-बार्कले या कंपनीकडे आले आणि लॅटिन अमेरिकेत 'ट्रिकोफेरो दे बॅरी' या नावाने ते प्रसिद्ध आहे. जुन्या कृतीत एरंडेल, अल्कोहोल आणि कँथॅरिडीस नावाच्या दाहक भुंग्यांचा अर्क असे. डोक्याची त्वचा चुरचुरली की रक्त खेळते आणि केस उगवतात, असा तेव्हाचा समज. तुमच्या बाटलीच्या मागच्या बाजूला 'वापरण्याची कृती पत्रिकेत पाहा' अशा अर्थाचे उठावाचे शब्द असतील. ती छोटी छापील पत्रिका बाटलीबरोबर मिळाली तर ती बाटलीपेक्षाही जपून ठेवा.

सात सदरलँड बहिणींची बाटली मिळाली तर मात्र काचेपेक्षा गोष्टच मोठी. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा परगण्यातल्या या सात बहिणी मंचावर गात. त्यांचे केस पाठीवरून जमिनीपर्यंत मोकळे सोडलेले असत, आणि प्रेक्षक गाण्यापेक्षा केस पाहायला येत. बार्नम यांच्या सर्कशीबरोबर त्या फिरल्या, वडील फ्लेचर यांनी 'हेअर ग्रोअर' बाजारात आणले, आणि बहिणींच्या केसांचीच जाहिरात झाली. त्यांनी आलिशान घर बांधले. १९२० च्या दशकात बायका केस कापून आखूड ठेवू लागल्या आणि धंदा बसला. ते घर १९३८ मध्ये जळून गेले. एवढ्या मोठ्या नावाच्या मानाने बाटली साध्या पारदर्शक काचेची असते. लेबल आणि खोक्यासह मिळाली तरच तिच्यासाठी जास्त पैसे मोजावेत, असे मला वाटते.

या सगळ्यांच्या पंक्तीत मॅडम सी. जे. वॉकर यांचे नाव लोक हमखास काढतात. सारा ब्रीडलव्ह या नावाने १८६७ मध्ये लुइझियानात जन्मलेल्या या उद्योजिकेने १९१० मध्ये आपला कारखाना इंडियानापोलिसला नेला. पण त्यांचे गाजलेले 'वंडरफुल हेअर ग्रोअर' हे मलम होते आणि ते पत्र्याच्या डबीत मिळे. कोणी ते नाव सांगून जुनी काचेची बाटली विकत असेल तर आधी पुरावा मागा.

आता हॉल्सच्या त्या पिवळट साक्याबद्दल. हा या विषयाचा सर्वांत गंभीर भाग आहे. 'रिस्टोअरर' आणि 'रिन्युअर' या नावाने विकली जाणारी बरीच औषधे म्हणजे शिशाचे ॲसिटेट, गंधक, ग्लिसरीन आणि सुगंधी पाणी. शिसे आणि गंधक केसांवर एकत्र आले की काळपट लेड सल्फाइड तयार होते आणि पांढरे केस हळूहळू गडद दिसू लागतात. केस 'पुन्हा मूळ रंगावर' येत नव्हते. त्यांच्यावर शिशाचा थर चढत होता. न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळाचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स चँडलर यांनी १८७० च्या सुमारास बाजारातल्या अशा औषधांची तपासणी केली. दर द्रव औंसात शिशाचे प्रमाण एअरच्या हेअर व्हिगरमध्ये २.८९ ग्रेन, मिसेस ॲलनच्या औषधात ५.५७ ग्रेन आणि हॉल्समध्ये ७.१३ ग्रेन निघाले. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. म्हणजे हॉल्सच्या तीस मिलिलीटर औषधात जवळजवळ अर्धा ग्रॅम शिसे, आणि नाव 'व्हेजिटेबल'! हे औषध लोक महिनोन्‌महिने रोज डोक्याला चोळत. अमेरिकेत केसांच्या रंगात लेड ॲसिटेट वापरण्याची परवानगी मागे घेण्याचा निर्णय तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१८ मध्ये घेतला, यावरून हे रसायन किती काळ टिकले ते कळेल.

म्हणून साका असलेली बाटली बूच लावूनच, उभी ठेवा. रिकामी करायचीच असेल तर नळाखाली मोरीत ओतू नका. घातक रसायने गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका. मी अशा बाटल्या हाताळताना हातमोजे घालतो आणि जेवणाच्या टेबलावर कधीच ठेवत नाही. 'क्रमांक १' आणि 'क्रमांक २' अशा जोडीने विकल्या जाणाऱ्या केसरंगाच्या छोट्या बाटल्यांत बऱ्याचदा सिल्व्हर नायट्रेट असे. त्याचे काळे डाग हाताला आणि कापडाला सहज लागतात आणि लवकर निघत नाहीत.

रिकाम्या, लेबल नसलेल्या बाटल्या कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवा. थंड काचेवर गरम पाणी ओतू नका, जुन्या काचेला तडा जातो. लेबल असेल तर पाणी लावूच नका. जमिनीतून निघालेल्या बाटलीवरचा दुधाळ किंवा इंद्रधनुषी थर हा मळ नाही. ओलाव्याने काचेतले क्षार झिरपून गेल्यामुळे पृष्ठभागच बदललेला असतो, आणि तो घासून जात नाही. काही जण तांब्याचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून बाटली यंत्रात फिरवतात. चमक येते, पण काचेचा एक थर जातो आणि उठावाच्या अक्षरांची धार बोथट होते. पॉलिश केलेली बाटली विकताना तसे सांगणे हा साधा प्रामाणिकपणा आहे. विकत घेताना तुम्हीही विचारा.

लेबल आणि कागद यांच्याकडे नवे संग्राहक दुर्लक्ष करतात, तर मला तेच सर्वांत मोलाचे वाटतात. अमेरिकेत १८६२ ते १८८३ पर्यंत अशा औषधांवर सरकारी कराचे तिकीट लावावे लागे, आणि १८९८ मध्ये स्पेनविरुद्धच्या युद्धाच्या खर्चासाठी तो कर काही वर्षांसाठी परत आला. बुचावरून खाली चिकटवलेल्या तिकिटाचा तुकडा जरी राहिला असला तरी काळ बराच आवळता येतो. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याचा उल्लेख लेबलवर असेल तर बाटली त्यानंतरची. त्या काळापासून कंपन्यांनी आपल्या दाव्यांची भाषाही मऊ केली. 'केस उगवते' चे 'केसांना शोभा आणते' होत गेले. तुमच्या हॉल्सच्या अर्ध्या लेबलवर काय छापले आहे ते भिंगाखाली नीट वाचा. पत्ता मिळाला तर तो त्या शहराच्या जुन्या व्यापारी निर्देशिकांशी ताडून पाहा. 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचा 'क्रॉनिक्लिंग अमेरिका' हा जुन्या वर्तमानपत्रांचा मोफत संग्रह आहे. तिथे औषधाचे नाव शोधले की जाहिराती कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत येत होत्या, किंमत काय होती, मालक कधी बदलले हे तासाभरात हाती लागते.

किमतीचे उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण ते सर्वांत जास्त परिस्थितीवर अवलंबून आहे. नावाची प्रसिद्धी बघून किंमत ठरत नाही. उलट गाजलेल्या औषधांच्या बाटल्या लाखोंनी बनल्या, म्हणून त्या सहज मिळतात. पाहिले जाते ते रंग, तळाचा वण, ओठाला टवका आहे की नाही, आणि लेबल, खोके किंवा बूच टिकले आहे का. तपकिरी मिसेस ॲलन ही बहुधा तुमची सर्वांत साधी बाटली. बॅरीचे मोल तळावर अवलंबून. अर्ध्या लेबलची हॉल्स मात्र ठेवून द्या, विकण्याची घाई करू नका. मागच्या दोन-तीन वर्षांतल्या लिलावांत प्रत्यक्ष झालेले सौदे पाहा. विक्रेत्याने मागितलेला आकडा म्हणजे भाव नव्हे.

सुरुवात कुठून करावी, याचे माझे मत स्पष्ट आहे. सगळ्या कंपन्यांची एकेक बाटली जमवू नका. एक कंपनी किंवा एकच गाव धरा. लोवेल धरले तर एअरच्या वेगवेगळ्या काळातल्या बाटल्या, त्यांची पंचांगे, रंगीत जाहिरात-कार्डे आणि हॉल्स हे सगळे एकाच धाग्यात येते. पाँटिलचा वण असलेली बाटली, वेगळा ओठ लावलेली बाटली आणि यंत्राची बाटली अशा तीन पिढ्या एकाच नावाखाली जमवायच्या असतील तर बॅरी उत्तम. १८९९ मध्ये माँटानातल्या ब्यूट शहरात सुरू झालेले आणि 'कोंड्याचा जंतू मारते' असे बाटलीवरच लिहिणारे न्यूब्रोचे हर्पिसाइड धरले तर जंतुशास्त्राचा नवा शोध जाहिरातीत कसा शिरला हे दिसते. त्याच्या बाटल्या जास्त महागही नसतात.

तिन्ही बाटल्यांच्या तळाचे आणि ओठाचे फोटो टाका. उजेड समोरून नको, एका बाजूने तिरपा पडू द्या, म्हणजे शिवण आणि वण सावलीत उठून दिसतील. हॉल्सच्या लेबलचाही जवळून घेतलेला एक फोटो द्या.